रॅमचे टायमिंग बदलताना या चुका टाळा

ठाण्यात संगणक जुळवून देण्याचे आणि दुरुस्तीचे काम करताना जो गैरसमज मला सर्वाधिक वेळा ऐकावा लागतो, तो असा की खोक्यावरचा सीएलचा आकडा जितका लहान तितकी रॅम वेगवान. वाचनाची आज्ञा दिल्यापासून माहिती बाहेर पडू लागेपर्यंत क्लॉकचे किती ठोके जातात, एवढेच तो आकडा सांगतो. एक ठोका किती काळाचा, हे रॅमच्या वेगावर ठरते. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की खरा विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४ या जुन्या पिढीची ३२०० वेगाची सीएल१६ रॅम आणि डीडीआर५ या नव्या पिढीची ६००० वेगाची सीएल३० रॅम, दोन्हींचे उत्तर १० येते. त्यामुळे ‘नवी रॅम जुनीपेक्षा मंद आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हा भागाकार करायला लावतो.

एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम छापील वेगावर चालवणारी तयार सेटिंग, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या पानांत) चालूच न करणे ही दुसरी नित्याची चूक. त्यामुळे ३२००चे किट (रॅमच्या पट्ट्यांचा संच) २१३३ किंवा २४०० वर वर्षानुवर्षे चालत राहते आणि मालकाला पत्ताही नसतो.

माझा खरा राग मात्र व्हिडिओत दिसलेले आकडे जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्यांवर आहे. कोपरखैरण्याचे एक वास्तुविशारद मे महिन्यात संगणक घेऊन आले. रात्री यंत्र सुरळीत चालायचे, पण दुपारी रेंडर (आराखड्याचे चित्र तयार करण्याचे काम) मध्येच थांबायचे आणि जतन केलेल्या फायली उघडायच्या नाहीत. विंडोज पुन्हा टाकून झाले होते, एका दुकानदाराने नवा पॉवर सप्लायही गळ्यात मारला होता. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ मध्ये एकही त्रुटी दिसेना, कारण त्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड तापत नाही. मग विंडोजमध्ये रेंडर आणि रॅमची चाचणी एकत्र चालवली, कार्डाची गरम हवा रॅमवर जाऊ लागली आणि थोड्याच वेळात त्रुटींची रांग लागली. बायोसमध्ये पाहिले, तर त्यांच्या भाच्याने टीआरईएफआय ६५५३५ करून ठेवला होता.

रॅमच्या प्रत्येक पेशीतला विद्युतभार सतत गळत असतो आणि तो ठरावीक अंतराने पुन्हा भरावा लागतो. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या दोन आज्ञांमधले अंतर म्हणजेच टीआरईएफआय. डीडीआर४ मध्ये ते साधारण ७.८ मायक्रोसेकंद, म्हणजे ३२०० वेगाला १२४८० ठोके असते. भाच्याने ते जवळजवळ ४१ मायक्रोसेकंदांवर नेले होते. भरण्याचे काम चालू असताना वाचन थांबते, म्हणून अंतर वाढवल्यावर वेगाच्या चाचणीतले गुण थोडे वाढतात हे खरे. पण उष्णतेत गळती वाढते, इतकी की ८५ अंशांच्या पुढे मानकच दुप्पट वेळा भरायला सांगते. वातानुकूलित खोलीत चित्रित केलेले आकडे नवी मुंबईच्या मे महिन्यात, बंद खिडकीच्या खोलीत टिकावेत ही अपेक्षाच चुकीची होती. सेटिंग ‘ऑटो’वर आणल्यावर यंत्र सुधारले, बिघडलेल्या फायली मात्र परत मिळाल्या नाहीत.

माझी सवय अशी: आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढतो, एका वेळी एकच आकडा बदलतो, तो वहीत लिहितो, आणि रात्रभर चाचणी केल्यावर दुपारी एसी बंद ठेवून तीच चाचणी ग्राफिक्स कार्डावर भार देऊन पुन्हा घेतो. हे कंटाळवाणे वाटणाऱ्यांनी टायमिंगला हात लावू नये.

चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांत दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच बसवाव्यात. सारखा आकडा छापलेली दोन वेगळी किटे एकत्र जमतीलच असे धरू नये, कारण आतल्या चिप निराळ्या असू शकतात. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहतो, तेव्हा बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. उतावीळ माणसे नेमके तेव्हाच बटण दाबून यंत्र बंद करतात आणि ‘बोर्ड मेला’ म्हणून फोन करतात.

दिवसभर टॅली आणि ब्राउझर वापरणाऱ्याला सीएल १६चा १४ केल्याने काहीही जाणवणार नाही. अशा ग्राहकाच्या यंत्रात मी एक्सएमपी चालू करतो, एकच पट्टी असेल तर दुसरी तशीच बसवायला सांगतो आणि उरलेले आकडे आहेत तसे ठेवतो.