जुन्या छायाचित्रातील भाव कसे वाचावेत

जुन्या छायाचित्रात दुकानाची दरपाटी दिसली, की नजर थेट आकड्यांकडे जाते आणि ‘काय स्वस्ताई होती!’ असा उद्गार निघतो. उद्गाराला हरकत नाही. मात्र तो आकडा त्या काळच्या कमाईशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय स्वस्ताई सिद्ध होत नाही.

प्रथम छायाचित्राचे साल ठरवावे. येथे कागदावर फार विसंबू नये, कारण जुन्या निगेटिव्हवरून कितीही वर्षांनी नवी प्रत काढता येते आणि कागद सांगतो ते केवळ त्या प्रतीचे वय. अतिनील प्रकाशात निळसर चमकणारा कागद सहसा १९५०च्या दशकातला किंवा त्यानंतरचा असतो, कारण शुभ्रता वाढवणारी रसायने त्या सुमारास त्यात वापरात आली. पण चित्र त्याहून कितीतरी जुने असू शकते. वाहने, जाहिराती आणि पोशाख यांची साक्ष अधिक उपयोगी ठरते.

त्यानंतर भाव कोणत्या चलनात आणि कोणत्या मापाला आहे, हे भिंगाखाली नीट वाचावे. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी एका पौंडाचे २४० पेन्स होत, नंतर १०० झाले. फ्रान्समध्ये १ जानेवारी १९६० पासून १०० जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक झाला. त्यामुळे नाव तेच राहिले तरी आकड्याचा अर्थ पार बदलला. युद्धकाळातील पाटी असेल तर शिधावाटपही ध्यानात घ्यावे. ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे शिधावाटप १९४० ते १९५४ पर्यंत चालले. पाटीवरचा नियंत्रित दर परवडत असला तरी कूपनाशिवाय वस्तू हाती येत नसे, आणि ही अडचण छायाचित्रात सहसा दिसत नाही.

आता खरा हिशेब. जुन्या किमतीला आजच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने, म्हणजे नेहमीच्या वस्तू-सेवांच्या भावांची सरासरी पातळी दाखवणाऱ्या आकड्याने, गुणून त्या वर्षीच्या निर्देशांकाने भागावे. समजा, निर्देशांक तेव्हा २० होता आणि आज ३०० आहे, तर २ एककांची वस्तू आजच्या ३० एककांच्या बरोबरीची ठरते. तीच वस्तू आज ६० एककांना मिळत असेल, तर ती दुप्पट महागली, असे वाटेल. परंतु तासाची मजुरी तेव्हा अर्धा एकक आणि आज ३० एकक असेल, तर तेव्हा त्या वस्तूसाठी चार तास राबावे लागे, आज दोन तास पुरतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिले सर्वसाधारण महागाईशी तुलना करते, दुसरे घेणाऱ्याच्या श्रमाशी. माझ्या मते घरातील जुन्या चित्रांसाठी दुसरेच अधिक बोलके आहे. मात्र मजुरी त्याच व्यवसायाची आणि त्याच प्रदेशाची घ्यावी, नाहीतर कारकुनाच्या पगाराने मजुराची खरेदी मोजली जाईल.

एका वस्तूवरून सगळ्या काळाचा निष्कर्षही काढू नये. केस कापण्यासारख्या सेवेत माणसाचा वेळ फारसा वाचत नाही, म्हणून मजुरी वाढते तशी तिची किंमतही वाढते. कारखान्यात बनणारा रेडिओ मात्र उत्पादन सुधारत गेले तसा कमाईच्या मानाने स्वस्त होत गेला. शिवाय दोन काळांतल्या वस्तू नावाने सारख्या असल्या तरी गुणाने सारख्या नसतात.

हुरहुरीचाही हिशेबात समावेश करावा लागतो. फिल्मच्या रोलमध्ये मोजकीच चित्रे निघत, म्हणून कॅमेरा बाहेर येई तो बहुधा समारंभाला. उधारीची वही किंवा महिनाअखेरची ओढाताण कोणी टिपत नसे. तेव्हा लहान असणाऱ्यांच्या स्मरणात भाव असतात, पण ते पैसे कोणी कसे जमवले ते नसते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना ‘केवढ्याला मिळे?’ एवढेच न विचारता ‘किती वेळा घेत होता आणि तेव्हा पगार किती होता?’ असेही विचारावे.

मिळालेली माहिती लगेच नोंदवावी: साल, भाव, माप, मजुरी, आणि कोणती गोष्ट पुराव्याने कळली व कोणती केवळ आठवणीने. मूळ छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहिल्यास दाबाची खूण पुढे उमटते. म्हणून नोंद वेगळ्या आम्लविरहित कागदावर करून ती चित्रासोबत ठेवावी.