घरातील वीजवापर आणि स्मार्ट प्लग : आधी मोजणी, मग वेळापत्रक

मोबाइलवरून चालणारी नवी उपकरणे विकत घेण्याआधी घरातले कोणते यंत्र किती वीज ओढते, हे आठवडाभर मोजून पाहावे. त्यासाठी वीजवापर दाखवणारा एकच स्मार्ट प्लग, म्हणजे मोबाइलच्या ॲपवरून चालू-बंद करता येणारा प्लग, पुरेसा आहे. तो फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन असा फिरवत नेला, की बिलातील मोठा वाटा कोणाचा, हे आकड्यांत दिसू लागते. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की मीटरवर एक युनिट पडते. गोव्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्यामुळे वरच्या टप्प्यातील युनिट वाचले तर बचत अधिक होते.

सुरुवात गिझरपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवायला साधारण ०.४५ युनिट वीज लागते, म्हणजे दोन हजार वॅटचा गिझर हे काम पंधरा मिनिटांच्या आत करतो. तरीही अनेक घरांत सकाळी सुरू केलेला गिझर दुपारपर्यंत तसाच राहतो, टाकीतले पाणी निवत जाते आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवत राहतो. अंघोळीच्या वीस मिनिटे आधी चालू आणि अंघोळीला जाण्यापूर्वी बंद, असे वेळापत्रक ॲपमध्ये लावून द्यावे. प्लग मात्र १६ अँपिअरचाच घ्यावा, कारण लहान क्षमतेचा प्लग अशा भाराने तापतो आणि वितळूही शकतो. अर्थिंग नीट आहे की नाही, हे परवानाधारक वायरमनकडून आधीच तपासून घ्यावे.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, आणि नेमकी इथेच एक सेटिंग दुर्लक्षित राहते. वीज परत आल्यावर प्लगने चालू व्हावे, बंद राहावे की आधीच्या स्थितीत जावे, हे ॲपमध्ये ठरवता येते. गिझर आणि इस्त्रीसाठी ‘बंद’ हाच पर्याय निवडावा, म्हणजे घरात कोणी नसताना ती यंत्रे आपोआप सुरू होणार नाहीत. फ्रीजसाठी ‘चालू’ ठेवावे. फ्रीज वेळापत्रकावर बंद करण्याच्या मोहात कोणी पडू नये. ॲपमध्ये दिसणारा त्याच्या वीजवापराचा आलेख फक्त वाचावा. कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नसेल, तर दाराचे रबर सैल झाले आहे का किंवा मागच्या जाळीवर धूळ बसली आहे का, ते पाहावे.

एसी प्लगवरून तोडण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या वायफायने किंवा इन्फ्रारेड रिमोटने हाताळावा. जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले रूम एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात, आणि तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. गोव्याच्या दमट हवेत त्रास बहुधा उष्म्यापेक्षा घामाचा असतो, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये ‘ड्राय’ मोड लावून आणि सोबत पंखा फिरता ठेवून पाहावे. पहाटे, उठण्याच्या दोन तास आधी एसी बंद होईल, असा टायमरही लावावा.

विहिरीवरचा पंप साध्या स्मार्ट प्लगला कधीही जोडू नये. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलून चालू-बंद करणारा स्विच, बसवून घेणे आवश्यक आहे.

गणेश चवथीला उघडणारे गावचे घर असेल, तर हिशोब आणखी सोपा आहे. सेट-टॉप बॉक्ससारखे दहा वॅट ओढणारे एखादे यंत्र अहोरात्र जोडलेले राहिले, तर महिन्याला सात युनिटे जातात. अशा घरात फ्रीज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवावे, कॅमेरा व राउटर यांची एकच लाइन चालू ठेवावी आणि बाकीचे एमसीबी (वीजफलकावरील सुरक्षा स्विच) खाली पाडूनच कुलूप लावावे.