पोरांना घेऊन तलावाकाठच्या रानात: विदर्भातली पायी भटकंती कशी आखावी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात जंगल आणि तलाव वेगळे काढता येत नाहीत. दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवलेलं असतं. मोठं असेल तर तलाव, लहान असेल तर बोडी. यातले बरेच जुने तलाव कोहळी समाजातल्या जाणकारांनी बांधले आणि मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळात ते सांभाळले गेले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पण लोकांच्या तोंडी ते अजून मामा तलावच आहेत, म्हणजे माजी मालगुजारी.

लहान मुलांना रानाची पहिली ओळख करून द्यायला यांच्याइतकी चांगली जागा नाही. पाळ सपाट असते, नजर दूरवर पोचते, आणि मुलांना 'अजून किती लांब?' असं विचारावं लागत नाही, कारण तलाव समोर दिसत असतो. मात्र हे वाघाचं रान आहे आणि लोकांचंही आहे. म्हणून तयारी घरून निघण्याआधीच सुरू करावी लागते.

१. आधी जागा ठरवा, आणि तिथे पायी चालता येतं का ते पाहा

राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच विदर्भात आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा. त्यांच्या गाभ्यात मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. तिथे वनविभागाची गाडी किंवा नोंदणी केलेली जिप्सी आणि सोबत गाइड, हाच रस्ता. ओळखीचा माणूस 'मी नेतो आतून' म्हणाला तरी जाऊ नका.

पायी चालायचं तर अशी ठिकाणं धरा जिथे लोकांची नेहमीची ये-जा आहे. अगदी पहिल्यांदा जात असाल तर रामटेक. अंबाळा तलावापासून पायऱ्यांनी गडमंदिरावर चढावं, वरून खिंडसी तलावाचं पाणी बघावं. मुलांचे पाय किती चालतात ते तिथे कळतं. फक्त खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं ओढून नेतात. नंतर अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध. तिथे तलावाचा पर्यटकांसाठी खुला असलेला काठ पुरेसा आहे. पश्चिमेकडच्या मंडळींना चिखलदरा किंवा लोणार जवळ. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद आहे, उतार झाडीचा आहे आणि पाणी खारं. पण ते अभयारण्य आहे, तेव्हा खाली उतरण्याआधी वनविभागाच्या चौकीवर विचारा. उतरणं सोपं असतं, दमलेल्या पोराला घेऊन चढणं नाही.

२. गावात विचारल्याशिवाय पाळीवर पाऊल ठेवू नका

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि शहरातून येणारे नेमकी हीच गाळतात. गाडी गावात थांबवा. पानठेल्यावर, ग्रामपंचायतीसमोर, नाहीतर वनरक्षक दिसला तर त्याला विचारा: "काका, पोरं सोबत आहेत, तलावावर जाऊ का?" उत्तर कधी "जा ना बिनधास्त" असं येतं, तर कधी "आज नोका जाऊ जी, परवा तिकडं वाघानं गाय मारली" असं. दुसरं उत्तर आलं तर तिथूनच मागे वळा. वाघ मोठ्या शिकारीवर दोन-तीन दिवस थांबू शकतो. गावकरी सांगतो ती माहिती कुठल्याही नकाशावर मिळत नाही.

शक्य असेल तर गावातलाच एखादा माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याची रोजी आधीच ठरवून नीट द्या. तलावात मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या संस्थेकडे असतो. काठावर वाळत घातलेली जाळी, बांधलेले डोंगे यांना मुलांना हात लावू देऊ नका. ते कुणाचं तरी पोट आहे.

३. हंगाम आणि वेळ

दिवाळी सरल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ धरा. धान कापून झालेलं असतं, गवत बसलेलं असतं, परदेशी बदकं तलावावर उतरलेली असतात. होळीनंतर मोह टपकायला लागतो. त्याच्यासाठी अस्वलं झाडाखाली येतात, आणि माणसंही पहाटेपासून वेचायला जातात. त्यातच वणव्याचा काळ आणि पुढे पंचेचाळीस अंशांचं ऊन. मुलांना घेऊन तेव्हा नकोच. पावसाळ्यात पाळ निसरडी आणि गवत कमरेएवढं.

सकाळी आठनंतर निघा, दुपारी चारच्या आत गाडीपाशी या. पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्ते जनावरांचे असतात.

४. अंतर मुलाच्या पायांनी मोजा

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी जाऊन-येऊन तीन किलोमीटर भरपूर झाले. थांबत थांबत दोन-अडीच तास जातात. पूर्ण प्रदक्षिणेचा हट्ट धरू नका. अर्धी पाळ चालून, बसून, परत आलात तरी सहल पुरी झाली.

५. पिशवीत काय, अंगावर काय

पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे. बंद बूट, पायमोज्यात खोचलेली पॅन्ट. अत्तर-सेंट नको. माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्या, तलावाचं पिऊ नका. शिदोरीला तिखट पुऱ्या, दशम्या, जवसाची चटणी आणि संत्री. संत्र्याची सालंसुद्धा परत पिशवीत. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी. चुकामूक झाली तर जागेवर उभं राहून वाजवायची, शोधत फिरायचं नाही, एवढं घरीच दोनदा करून घ्या. मोबाइलची रेंज जाते. कुठे जातोय आणि कधी परतणार ते गावात आणि घरी सांगून ठेवा. वनविभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

६. चालताना

सगळ्यात पुढे एक मोठं माणूस, सगळ्यात मागे एक, मुलं मधे. सावकाश बोलत चाला. पूर्ण शांतता ठेवली तर अस्वलाला किंवा रानडुकराला तुमची चाहूल लागत नाही आणि अचानक गाठ पडते. ती गाठच घातक.

वानर झाडावरून एका दिशेला बघत खाकरायला लागलं, चितळं शेपटी वर करून तीक्ष्ण आवाज काढू लागली, की समजावं, जवळपास वाघ नाहीतर बिबट आहे. थांबा, सगळे एकत्र या, आल्या वाटेने परत फिरा. बघायला पुढे जायचं नाही. आणि वाघ समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, खाली वाकू नका. वाकलेला माणूस जनावराच्या उंचीला येतो. मोह-तेंदू वेचणाऱ्यांवर हल्ले होतात त्यामागे हे एक कारण मानलं जातं. मुलाला जवळ ओढा, नजर समोर ठेवा, मोठ्याने बोलत एकेक पाऊल मागे घ्या. खाली बसलेलं मूलही तसंच जनावराच्या उंचीला येतं, म्हणून मुलाला झुडपाआड एकट्याने शू करायला पाठवू नका.

७. पाण्याकाठी

इथे वेळ काढा. थंडीत अडई, चक्रवाक, वारकरी या पाणपक्ष्यांचे थवे पाण्यावर असतात. कमळाच्या पानांवर लांब बोटांचा कमळपक्षी चालताना दिसतो. एवढ्या लांब बोटांमुळे त्याचं वजन विभागलं जातं आणि पान बुडत नाही, हे मुलांना तिथेच दाखवा. गोंदिया जिल्ह्यात नशीब असेल तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसेल. दिसली तर लांबच थांबा, राज्यात हे पक्षी फार थोडे उरलेत. ओल्या चिखलात चितळाचे खूर शोधा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, तिच्यावरून मुलांना हात फिरवू द्या. पांढऱ्या खोडाचा अर्जुन बहुतेक पाण्याच्या जवळच भेटतो.

पण पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. तळाला गाळ असतो, कमळाचे देठ पायात अडकतात, आणि पाळीच्या दगडांवरचं शेवाळ दिसत नाही. सांडव्याकडे आणि पाणी सोडायच्या तोंडाकडे मुलांना फिरकू देऊ नका. काठावर प्रत्येक मूल कुणाच्या तरी हाताच्या अंतरात असलं पाहिजे, आणि तो 'कुणीतरी' नावाने ठरलेला असावा.

८. साप आणि मधमाश्या

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी साप. दगडाखाली, ओंडक्यापलीकडे न बघता हात-पाय घालायचा नाही. साप चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, झाडपाल्यात वेळ घालवू नका. मुलाला चालू देऊ नका. उचलून न्या, चावलेला हातपाय हलू देऊ नका. सूज चढण्याआधी कडं, अंगठी, पैंजण काढून घ्या. प्रतिविष असलेलं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवलेलं असावं.

उंच अर्जुनाला, काटेसावरीला किंवा कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर लांबून वळसा घाला. धूर, दगड, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर ओढणीने तोंड झाकून मुलासकट सरळ पळत सुटा. पाण्यात उडी मारू नका.

९. घरी आल्यावर

कपडे गरम पाण्यात भिजवा. मुलांना आंघोळ घालताना काखा, जांघा, कानामागची जागा नीट तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस विदर्भात आढळतो. त्याचा ताप साधारण आठ-दहा दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीसुद्धा येतो, आणि कधीकधी चाव्याच्या जागी न दुखणारी काळी खपली दिसते. तोवर सहल विसरलेली असते. म्हणून तसा ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मूल जंगलात, गवतात फिरून आलंय. वेळेत कळलं तर साध्या औषधाने हा आजार बरा होतो.