सातबारा कोरा, तरी बांधकाम अडलं? खरेदीखतातल्या शर्तींबाबत या चुका टाळा

सातबारा कोरा आहे म्हटलं की लगेच विसार देणारे पुष्कळ. कोरा म्हणजे कर्जाचा बोजा नाही, यापलीकडे त्याचा फारसा अर्थ नाही. मूळ मालकाने शेजारची जागा स्वतःकडे ठेवून हा तुकडा विकला असेल आणि "पूर्वेची दहा फूट पट्टी कायम मोकळी ठेवावी" अशी शर्त घातली असेल, तर ती सातबाऱ्यावर बहुधा दिसत नाही. नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू या उताऱ्यातही पक्षकार, मोबदला, क्षेत्र असा गोषवाराच असतो. शर्त लपलेली असते जुन्या खताच्या आतल्या पानावर, चतुःसीमा संपल्यावर, जिथे वाचणाऱ्याचा धीर सुटतो. मागच्या प्रत्येक दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. वकिलाचा सर्च रिपोर्ट इंडेक्स पाहून केलाय की दस्त वाचून, हेही विचारा.

"त्या कागदावर माझी सही कुठे आहे?" हा बचाव तर हमखास ऐकू येतो. तो टिकत नाही. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग घेणाऱ्या मॉक्सहे यांच्या खतात ती मोकळी ठेवण्याची शर्त नव्हतीच. पण जुन्या शर्तीची माहिती होती म्हणून न्यायालयाने 1848 मध्ये त्यांना बांधकामापासून रोखलं. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 40 त्याच वाटेने जातं. वर कलम 3 नुसार रीतसर नोंदलेला दस्त तुम्हाला माहीत होता असंच धरलं जातं. मात्र मनाई करणारी शर्त अशी मागे लागते. "दरवर्षी कुंपण दुरुस्त करावं" यासारखी खर्चाची शर्त नव्या मालकावर सहसा इतक्या सहज लादता येत नाही.

उलटी चूकही होते: लिहिलंय म्हणजे पाळायलाच हवं. "ही जागा कधीही कोणालाही विकू नये" ही सरसकट बंदी कलम 10 प्रमाणे निरर्थक ठरते. भाडेपट्टा त्याला अपवाद. त्यामुळे सिडकोचा भाडेपट्ट्याचा भूखंड घेताना कलम 10 चा आधार शोधू नका, हस्तांतरणाची परवानगी आधी घ्या.

शर्त आता सापडली असेल तर काम सुरू करू नका. पालिकेचा मंजूर नकाशा शेजाऱ्याचा खासगी हक्क संपवत नाही, आणि पाया खोदल्यावर आलेला मनाई हुकूम फार महाग पडतो. शर्तीचा फायदा आज कोणाला मिळतो ते शोधा आणि त्याच्याकडून हक्क सोडल्याचा दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्या. तोंडी "बांधा हो खुशाल" चालत नाही. त्याची मुलं उद्या कोर्टात जाऊ शकतात.