गोधडीचा धंदा सुरू केलाय आणि मनात शंका येतायत? मग हे करून बघा

हाताने शिवलेल्या गोधड्या विकायला लागलं की पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास छळतो, एवढे पैसे देऊन हे घेणार कोण? त्यात घरचे पण म्हणतात की मशीनची रजई स्वस्तात मिळते, तुझी वाकळ कशाला कोण घेईल. अशा वेळी नुसतं "धीर धर" म्हणून काही होत नाही. त्या एका शंकेत तीन प्रश्न गुंतलेले असतात, माल चांगला आहे का, भाव बरोबर आहे का आणि आपण योग्य गिऱ्हाईकापर्यंत पोचतोय का. ते सुटे करून एकेक तपासायचे.

आधी माल. एक गोधडी विकायला न ठेवता घरातच वापरायला काढा, दोन-तीनदा धुवा, उन्हात वाळवा आणि मग नीट बघा, टाके कुठे ओढले गेलेत का, रंग उतरलाय का, आतलं लुगडं एका कोपऱ्यात गोळा झालंय का. गोळा झालं असेल तर धावदोऱ्याच्या ओळी लांब लांब पडल्यात, पुढच्या वेळी जवळ घ्या. जुनी साडी आत घालण्याआधी उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी ताणून बघायची, विरलेला भाग सरळ कापून टाकायचा, कितीही जीव अडकला तरी. हे एकदा केलंत ना की "माझं काम चांगलं आहे का" हा प्रश्न रात्री झोप उडवत नाही, कारण उत्तर हातात असतं.

भावाचं पण तसंच, मनाने ठरवू नका, तास लिहा. समजा एका मोठ्या गोधडीला साठ तास लागले आणि तासाला ५० रुपये धरले तर ३००० नुसती मजुरीच झाली, अस्तर, दोरा, धुलाई वेगळी. हा हिशोब कागदावर असला की कोणी "हजारला द्या ना ताई" म्हटलं तरी आवाज डळमळत नाही. कमी पैशात हवी असेल त्यांच्यासाठी बाळाचं दुपटं ठेवा, तेही हाताचंच, पण छोटं, लवकर होणारं, आणि बारशाला द्यायला लोक वर्षभर घेतात. मोठ्या गोधडीचा भाव मात्र पाडू नका, एकदा पाडला की परत चढवणं फार अवघड जातं.

आता सगळ्यात जास्त धीर लागतो तो सीझनसाठी. पावसाळ्यात विक्री मंदावते, माल वाळत नाही, प्रदर्शनंही कमी असतात, आणि नेमकं तेव्हाच वाटतं की आपलं संपलं. तो काळ शिवण्याचा समजा. खरी विचारपूस दिवाळीनंतर थंडी पडली की सुरू होते, पुण्यात भीमथडी जत्रा, म्हणजे बचत गटांच्या आणि गावाकडच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन, डिसेंबरमध्येच भरते. बचत गटात असाल तर उमेदच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, तालुक्याच्या ऑफिसात महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या विक्री प्रदर्शनाबद्दल आत्ताच विचारून ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, तीही करून टाका, आधारवर ऑनलाइन होते आणि फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका. सर्टिफिकेटवर स्वतःच्या धंद्याचं नाव बघितलं की हे आपलं टाइमपास काम नाही हे घरच्यांनाही पटायला लागतं, याला मी तरी खूप महत्त्व देते.

स्टॉलवर एक वही ठेवा. किती विकलं एवढंच नको, कोण थांबलं, कशाला हात लावला, भाव ऐकून काय म्हणालं, कोणता साइज मागितला, सगळं लिहा. गोधडी ही पटकन घ्यायची वस्तू नाही, लोक बघून जातात, घरी विचारतात, आईच्या साड्या शोधतात आणि बऱ्याच दिवसांनी फोन करतात की आमच्या साड्यांची करून द्याल का. अशी ऑर्डर आली तर अर्धा अ‍ॅडव्हान्स घ्याच, ओळखीतल्यांकडूनसुद्धा.

आणि धंदा चालू ठेवायचा की नाही हे रिकाम्या हाताने परत आलेल्या संध्याकाळी ठरवू नका. त्यासाठी एक तारीख आधीच लिहून ठेवा, मी म्हणेन मार्च अखेर, तोवर थंडीचा पूर्ण सीझन होऊन गेलेला असतो. त्या दिवशी वही काढा. लोक थांबतायत पण घेत नाहीत, तर भाव किंवा साइज बघा. थांबतच नाहीत, तर मांडणी किंवा जागा बदला. दुपटी जातायत आणि मोठ्या पडून आहेत, तर पुढचं वर्षभर दुपटी जास्त करा आणि मोठ्या फक्त ऑर्डरवर घ्या.