घोड्याची फेरी मुलांसमोर कशी करावी

सॅन होजेच्या लायब्ररीत मी शनिवारी मुलांना बुद्धिबळ शिकवते. नुसत्या ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) सांगितल्या की पोरं खिडकीबाहेर बघतात. म्हणून जॉर्ज कोल्टानोव्स्कींचा खेळ उसना घेतला: घोड्याची फेरी, म्हणजे घोडा पटाच्या प्रत्येक घरात एकदाच नेणं. अँटवर्पला जन्मलेले हे बेल्जियमचे बुद्धिबळ विजेते १९३७मध्ये एडिनबरोत पट न बघता एकाच वेळी ३४ डाव खेळले. एकही हरले नाहीत. पुढे अमेरिकेत येऊन सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलमध्ये ५०हून जास्त वर्षं बुद्धिबळाचं सदर लिहिलं.

फळ्यावर ६४ घरं आखा. प्रत्येकात मुलांनाच काहीतरी लिहू द्या: आजीचं नाव, 'मिसळ', बसचा नंबर. कोल्टानोव्स्की हे सगळं पाठ करत आणि मग फळ्याकडे पाठ करून, घोडा प्रत्येक घरात एकदाच नेत, शब्द सांगत जात. आपण एवढे थोर नाही. शब्द सोडा, फक्त घोड्याची वाट घोका.

वाट शोधायची युक्ती: जिथून पुढे सगळ्यात कमी उड्या उरतात, त्या घरात आधी जा. कोपऱ्याला दोनच वाटा असतात. तिथे उशीर केलात की अडकलात. मी पहिल्यांदा साठाव्या उडीला अडकले, तर पोरांनी खडू हिसकावून घेतला आणि स्वतःच वाट शोधायला लागली.