गावाकडचे कलावंत पुण्यात बोलावताय? आधी पासबुक मागवा

ग्रामीण कलावंतांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्था पुण्यात बऱ्याच आहेत, आमची त्यातलीच एक, आणि कधी ना कधी सगळ्यांनाच वाटतं की या मंडळींना इथे बोलावून दोन दिवसांचा कार्यक्रम करूया. करा, जरूर करा. मागच्या वेळी आमच्याकडून पासबुकं मागवायची राहिली आणि त्याचा त्रास कलावंतांना झाला, म्हणून हे लिहून ठेवतेय. हॉल, बॅनर, चहा, सत्काराची शाल हे सगळ्यांना जमतं, ते सोडून देते.

पहिलं तारीख. आपल्याला डिसेंबर-जानेवारी सोयीचा वाटतो कारण पुण्यात तेव्हा थंडी आणि प्रेक्षक दोन्ही असतात, पण तोच त्यांचा कमाईचा सीझन असतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत, गडचिरोलीतल्या वडशात बुकिंगची ऑफिसं तेव्हा भरलेली असतात. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडले की पार अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत फिरत असतात, नारायणगावला फडांच्या बुकिंगच्या राहुट्या लागतात त्या गुढीपाडव्याच्या आसपास आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथेच ठरतात. सिंधुदुर्गातले दशावतारी तुळशीच्या लग्नानंतर जत्रांना लागतात ते मेपर्यंत. आपल्या एका तारखेपायी त्यांची सुपारी बुडणार असेल तर बोलावूच नका. पावसाळा मोकळा असतो पण त्यातही भातलावणी सोडा, पुण्यात पालख्यांचे दिवस सोडा, गणपती तर सोडाच. श्रावणातला शनिवार-रविवार त्यातल्या त्यात बरा.

आता पासबुक. तारीख ठरली, होकार आला, की त्याच फोनमध्ये पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागा. नंतर पाठवतो म्हणाले तर दोन दिवसांनी परत फोन करा. नंबर फोनवर सांगून लिहून घेऊ नका, फोटोच हवा. कारण देना, विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन या बँका 2019 आणि 2020 मध्ये दुसऱ्या बँकांत गेल्या, जुन्या पासबुकावरचा आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, आता चालत नाही आणि खेड्यात कित्येकांकडे अजून तेच पासबुक असतं. दुसरं म्हणजे दोन वर्षं खात्यात स्वतःहून काही व्यवहार केला नसेल तर बँक ते निष्क्रिय करते, मग केवायसी द्यायला त्या माणसाला एक दिवसाची मजुरी सोडून तालुक्याला जावं लागतं. खातं परत चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. तिसरं, आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, आणि आपण पत्रिकेत छापतो ते तिसरंच, सगळा गाव ज्या नावाने ओळखतो ते. मानधनाच्या यादीत पासबुकावरचंच नाव घ्या.

आणि रोख देऊन टाकू असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिली तर ट्रस्टच्या हिशोबात तो खर्च धरत नाहीत, सीए मार्चमध्ये विचारतो आणि तेव्हा उत्तर नसतं. पॅनही त्याच फोनमध्ये मागा, टीडीएस लागू असेल आणि पॅन नसेल तर थेट 20 टक्के कापावे लागतात, मानधनातून एवढे गेले तर त्या घरात काय होतं याचा विचार करा.

मेळाच्या, म्हणजे कलावंतांच्या संचाच्या, मालकाकडे सगळ्यांचे पैसे एकदम द्यायचे की प्रत्येकाला वेगळे, हेही आधीच बोला. पद्धत मालकाकडे द्यायची असेल तर पद्धत मोडायची गरज नाही, पण कोणाचा वाटा किती ते कागदावर सगळ्यांसमोर लिहून घ्या. बायका असतील तर त्यांच्याशी वेगळं बोला, त्यांचं स्वतःचं खातं आहे का विचारा, नवऱ्याचा नंबर पुढे आला तर परत एकदा विचारा.

प्रवास. गोंदियाकडच्या मंडळींना महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला आणते, पण रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि लगेच भरतं, ते तुम्ही काढा, त्यांच्यावर टाकू नका. एसटीने येणाऱ्यांचं तिकीट बायकांना अर्धं, 75 च्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे प्रवासखर्चाचा अंदाज सरसकट लावू नका, पण वाद्यांसाठी आणि ट्रंकांसाठी वेगळे पैसे धरा. कोकणातली गाडी स्वारगेटला येते, मराठवाडा-खानदेशची वाकडेवाडीला, लोक अजून शिवाजीनगर म्हणतात आणि पाहुणे जुन्या जागेच्या आसपास फिरत बसतात. पहाटे न्यायला माणूस पाठवा, लोकेशन पाठवून भागत नाही.

उतरायची जागा हॉलच्या जवळ, तळमजल्यावर, बायकांना वेगळी खोली आणि कडी लागणारं बाथरूम. जेवणात भाकरी.

हॉलमध्ये काय लागतं ते प्रत्येक मेळाला वेगळं विचारा, कारण साउंडवाला सगळ्यांना सारखेच माइक लावून मोकळा होतो. हलगी शेकावी लागते, पावसात तर दर अर्ध्या तासाला, आणि नाट्यगृहात जाळ करू देत नाहीत, म्हणून मागच्या दाराबाहेर आडोशाची जागा आणि व्यवस्थापकाची परवानगी दोन्ही आधी घ्या, आयत्या वेळी तो वॉचमन ऐकत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चामड्याची बाहुली असेल तर पांढरा पडदा, मागून दिवा आणि समोर खरा अंधार लागतो, एक्झिटचा दिवासुद्धा त्रास देतो. चित्रकथीची पोथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची, असेल तर उलट, प्रेक्षक जवळ बसवा, चित्रं हातभर असतात, विसाव्या रांगेतून काय दिसणार. दशावताराला एक बाक पुरतो, पण ती मंडळी रात्रभर खेळणारी, त्यांना दीड तास दिलाय हे महिनाभर आधी सांगा, म्हणजे कोणतं आख्यान घ्यायचं ते त्यांचं ते ठरवतील. आपण कापू नये.

पंधरा दिवस उरले. पासबुकांचे फोटो आले? नुसते आले म्हणून खुश होऊ नका, प्रत्येक खात्यात एक रुपया पाठवा आणि तो मिळाला का ते फोन करून विचारा. मेसेज येतो तो बऱ्याचदा मुलाच्या मोबाइलवर, तो मुलगा चाकणला कंपनीत असतो, म्हणून त्याचाही नंबर घ्या. एक रुपया परत आला तर अजून पंधरा दिवस हातात आहेत, कार्यक्रमानंतर पंचवीस हजार परत आले तर ते बिचारे गावाला पोचलेले असतात आणि आपण इथे फोनवर आज टाकतो, उद्या टाकतो करत बसतो. बाहेर काढलेलं कर्ज कोणी थांबवत नाही त्यांच्यासाठी. एक रुपया पाठवाच.

कार्यक्रमाच्या दिवशी खजिनदार हॉलवर हवा, लॅपटॉपसकट. शेवटचा मेळ उतरला की पैसे तिथूनच पाठवायचे, देणगीदाराचा हप्ता आला नसेल तरी, तेवढी रक्कम आधीच खात्यात बाजूला ठेवा. पावती मराठीत करा, वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा. रक्कम 5,000 च्या वर असेल तर रेव्हेन्यू स्टँप.

परतीची तिकीटं, वाटेत खायला डबा, वाद्यं मोजून गाडीत.

नंतरचं थोडकंच. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन, पोचलात का आणि पैसे दिसले का. व्हिडिओची लिंक पाठवू नका, पेनड्राइव्ह पोस्टाने पाठवा, फोटो छापून पाठवा. 50 च्या पुढचे कलावंत असतील तर सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधनाचा अर्ज त्यांनी केलाय का ते विचारा, आपल्या कार्यक्रमाचं प्रमाणपत्र त्या अर्जाला जोडता येतं, म्हणून त्यावर तारीख, जावक क्रमांक आणि शिक्का नीट हवा, आणि नाव पासबुकावरचंच.